कोविड पॉझिटिव्ह रुग्णांच्या यादीवरून लसीकरण आणि वय, लिंग, शिक्षण यांचा संबंध कसा तपासावा?

करवीर_पीएसएम

नमस्कार मंडळी. प्रबंधासाठी मदत हवी आहे. कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाची मार्च २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळातली पॉझिटिव्ह रुग्णांची यादी हाताशी आहे. आरटीपीसीआर आणि अँटिजेन दोन्ही त्यात आहेत. नाव, वय, लिंग, पत्ता, मोबाइल, नमुना घेतल्याची तारीख, सहव्याधी आणि 'लस घेतली का' असे रकाने आहेत. शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न फोनवर विचारून भरायचं आहे.

आराखडा असा: दोन डोस, एक डोस, शून्य डोस असे तीन गट. प्रत्येक घटकाशी काय-स्क्वेअर चाचणी (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणारी). ज्यांचा पी (असा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली येईल ते घटक लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये, म्हणजे सगळे घटक एकत्र तपासणाऱ्या मॉडेलमध्ये. नमुना ३८४.

पहिला कच्चा तक्ता काढला. १८ ते ४४ वयोगटात दोन डोस झालेले अगदी थोडे, साठीच्या पुढे बरेच. स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी. यावरून 'तरुणांमध्ये लसीबद्दल अनास्था' असं लिहिलं तर चालेल का? आणि याच तक्त्यावरून लसीच्या परिणामकारकतेवर दोन ओळी टाकाव्यात का?

सांख्यिकी_कट्टा

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. दुसऱ्याकडं नंतर येतो, आधी अनास्थेचं बघू.

तुमच्या यादीतला प्रत्येक माणूस ज्या दिवशी पॉझिटिव्ह आला, त्या दिवशी त्याला लस मिळू शकत होती का, हा रकाना तक्त्यात नाही. तो नसेल तर बाकी सगळं वाया. तारखा समोर ठेवा. १६ जानेवारी २०२१ आरोग्य कर्मचारी. २ फेब्रुवारी पोलीस वगैरे आघाडीचे कर्मचारी. १ मार्च साठीच्या पुढचे सगळे आणि ४५ ते ५९ मधले सहव्याधी असलेले. १ एप्रिल ४५ च्या पुढचे सगळे. १ मे १८ च्या पुढचे सगळे, पण मेच्या मध्याला राज्यानं १८ ते ४४ चं लसीकरण काही काळ थांबवून साठा ४५ च्या पुढच्यांच्या दुसऱ्या डोसकडं वळवला होता. १५ ते १८ वयाची मुलं थेट ३ जानेवारी २०२२ ला आली.

आता गणित करा. तिशीतल्या माणसानं पहिल्याच दिवशी, १ मेला कोविशिल्ड घेतली असं धरा. १३ मे २०२१ पासून दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे झालं. म्हणजे दुसरा डोस लवकरात लवकर २४ जुलैला. त्यावर १४ दिवस धरले की तो 'पूर्ण लसीकृत' होतो ७ ऑगस्टला. कोवॅक्सिन घेतली असेल तर २८ दिवसांनी २९ मे, अधिक १४ दिवस, १२ जून. आपल्याकडं दुसरी लाट जुलैपर्यंत रेंगाळली. म्हणजे तुमच्या यादीतले बहुतेक तरुण अशा काळात पॉझिटिव्ह आलेत, जेव्हा कोविशिल्डचे दोन डोस पूर्ण करणं नियमानंच शक्य नव्हतं. त्याला अनास्था म्हणणं म्हणजे बंद दुकानासमोर उभ्या माणसाला 'खरेदीत रस नाही' म्हणण्यासारखं आहे.

४५ ते ५९ मध्ये तर आणखी गंमत आहे. १ एप्रिलला कोविशिल्डचा पहिला डोस घेतलेल्याचे तोवरच्या नियमाचे सहा आठवडे भरतात १३ मेला. अगदी त्याच दिवशी अंतर वाढलं. तो माणूस २४ जूनवर ढकलला गेला. तुमच्या 'एक डोस' गटात असे लोक भरपूर असणार. त्यांना 'दुसरा डोस टाळणारे' म्हणू नका.

म्हणून तीन नवे रकाने करा: पात्रता सुरू झाल्याची तारीख (वय, सहव्याधी आणि व्यवसाय यांवरून), दोन डोस पूर्ण होण्याची सर्वांत लवकरची शक्य तारीख, आणि नमुन्याची तारीख. नमुन्याची तारीख पात्रतेच्या आधीची असेल तर तो माणूस 'लस न घेतलेला' नव्हे, 'अपात्र'. विश्लेषणातून बाजूला काढा, पण किती काढले ते लिहा. उरलेल्यांचे कालखंड पाडा आणि तुलना कालखंडाच्या आतच करा. पूर्ण लसीकृत म्हणजे दुसऱ्या डोसनंतर १४ दिवस उलटल्यावर नमुना. तेराव्या दिवशीचा 'एक डोस' गटात जाईल. पहिल्या डोसलाही तसाच नियम लावा, नाहीतर केंद्रावरून घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ताप आलेला माणूसही लसवंत म्हणून मोजला जाईल.

नोंदवही_४१६

वरचं सगळं बरोबर, पण त्यासाठी तारखा शुद्ध पाहिजेत, आणि खरी बोंब तिथंच आहे.

पहिली गोष्ट, 'लस घेतली का' रकान्यातली मोकळी जागा म्हणजे 'नाही' नव्हे. सुरुवातीच्या महिन्यांत हा प्रश्न विचारलाच जात नव्हता, म्हणून मोकळ्या जागा त्याच महिन्यांत गोळा झालेल्या दिसतील. मोकळ्याला वेगळा कोड द्या.

दुसरी, कोविनशी (लसीच्या सरकारी नोंदणी संकेतस्थळाशी) ताळा घालताना नुसत्या मोबाइल नंबरावर जाऊ नका. एका नंबरावर चार जणांची नोंदणी होत होती, जानेवारी २०२२ पासून सहा जणांची. आई, वडील, मुलगा, सून सगळे एकाच नंबरावर. मोबाइल, जन्मवर्ष आणि लिंग तिन्ही जुळले तरच जोडी पक्की धरा. नाव शेवटी डोळ्यानं बघा, कारण रोमन लिपीत एकच आडनाव तीन तऱ्हेनं लिहिलेलं असतं आणि मधलं नाव कधी नवऱ्याचं, कधी बापाचं. वयात एक वर्षाचा फरक चालवून घ्या, दोनचा नको. जन्मतारखेच्या जागी १ जानेवारी दिसलं तर दचकू नका, आधारवरच तसं असतं.

तिसरी, एक्सेल. यादी उघडली की ०५/०६/२०२१ ही ५ जून आहे की ६ मे हे संगणकाच्या भाषेच्या सेटिंगवर ठरतं. ज्या तारखांचा दिवस १२ च्या पुढं आहे त्या मजकूर म्हणून पडून राहतात, बाकीच्या गुपचूप उलटतात. अर्धी यादी बरोबर दिसते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. एकाच रकान्यातल्या काही तारखा डावीकडं आणि काही उजवीकडं चिकटलेल्या दिसल्या की समजायचं. उपाय: फाइल थेट उघडू नका, आयात करताना तारखेचा रकाना 'दिवस-महिना-वर्ष' म्हणून सांगा. कोविनचा १४ आकडी लाभार्थी क्रमांक 'मजकूर' म्हणून आयात करा. नाहीतर तो ई-अधिक-तेरा (E+13) असा आखडतो, आणि तसाच सीएसव्हीत जतन झाला की शेवटचे आकडे कायमचे गेले.

चौथी, पत्ता. शहरातल्या रुग्णालयाच्या यादीत सिंधुदुर्ग, सांगली, बेळगाव भागातले रुग्ण असतातच. उलट चंदगडकडची बरीच मंडळी उपचाराला बेळगावला जातात, ती तुमच्या यादीत येणारच नाहीत. 'शहर की ग्रामीण' ठरवताना मुक्कामाचा पत्ता बघा, भरती होताना नातेवाइकानं दिलेला राजारामपुरीचा पत्ता नव्हे. इचलकरंजीचे यंत्रमाग कामगार आणि हंगामातले ऊसतोड मजूर यांना 'स्थलांतरित' असा वेगळा कोड द्या. त्यांचा पहिला डोस गावाकडं आणि दुसरा इथं असू शकतो.

करवीर_पीएसएम

दोघांचेही आभार. अपात्र वेगळे काढले तर मार्च-एप्रिलमधले बरेचसे तरुण गळतील असं दिसतंय. स्त्रियांचं काय? पात्र झाल्यावरही फरक उरला तर तो खरा मानायचा का?

आशा_अंगण

स्त्रियांच्या बाबतीत दोन तारखा आणखी घाला. स्तनदा मातांना लस देण्याची शिफारस आली १९ मे २०२१ ला आणि गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला. त्याआधी गरोदर बाईला केंद्रावरून परतच पाठवत होते. तुमच्या १८ ते ३५ वयोगटातल्या स्त्रियांना फोनवर 'पॉझिटिव्ह आला तेव्हा दिवस गेले होते का, बाळ अंगावर पीत होतं का' हे विचारल्याशिवाय पात्रतेची तारीख ठरत नाही. हा प्रश्न शक्यतो बाईनं विचारावा, आणि फोन बाईलाच द्यायला सांगावं.

याच्या उलट टोकाला आशा, अंगणवाडी सेविका, नर्स. या जानेवारी-फेब्रुवारीतच लस घेऊन मोकळ्या झाल्या. मार्च ते मे काळात तुमच्या यादीत जी तरुण 'पूर्ण लसीकृत' बाई दिसेल ती बहुतेक यांच्यातलीच असणार. म्हणून आरोग्य आणि आघाडीचे कर्मचारी वेगळा थर करा. नाहीतर वय, लिंग, शिक्षण सगळ्यांतून व्यवसायच बोलत राहील आणि तुम्ही त्याला शिक्षणाचा परिणाम म्हणाल.

फोनबद्दल. स्त्री रुग्णाच्या नावापुढचा नंबर बहुतेक वेळा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. दिवसा लावला तर तो कामावर, बाई घरी. संध्याकाळी ७ नंतर लावा. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी प्रयत्न झाल्याशिवाय 'संपर्क नाही' लिहू नका. यंत्रमागवाल्यांना आधी पाळी विचारून घ्या. 'लस घेतली का' असा सरळ प्रश्न विचारला की कोणीही 'हो' म्हणतं. 'कुठल्या केंद्रावर, कुठल्या महिन्यात, कोविशिल्ड की कोवॅक्सिन, प्रमाणपत्र काढलंय का' या क्रमानं विचारा. महिना आठवत नसेल तर बेंदराच्या आधी की नंतर, महापुराच्या आधी की नंतर, गणपतीत की दिवाळीत, असं विचारलं की नेमकं सांगतात. आणि माहितीचा स्रोत लिहा: प्रमाणपत्र पाहिलं, की तोंडी.

सांख्यिकी_कट्टा

आता परिणामकारकतेच्या दोन ओळी.

तुमच्या यादीत फक्त पॉझिटिव्ह आहेत. निगेटिव्ह कोणीच नाही. लस जर संसर्ग किंवा भरतीची वेळ टाळत असेल, तर ती ज्यांच्यात चालली ते लोक तुमच्या यादीत आलेच नाहीत. त्यामुळं 'आमच्या रुग्णांपैकी ६० टक्क्यांनी लस घेतली होती, मग लसीचा उपयोग काय' हे वाक्य आकडेवारीनं टिकत नाही. खोटे आकडे घेऊन गणित दाखवतो. समजा त्याच आठवड्यात, त्याच वयोगटात, त्याच तालुक्यात एकूण लोकांपैकी ८० टक्के लसीकृत होते आणि रुग्णांपैकी ६० टक्के. रुग्णांतलं लसीकृत आणि अलसीकृत यांचं गुणोत्तर ६०:४०, म्हणजे १.५. लोकसंख्येतलं ८०:२०, म्हणजे ४. १.५ भागिले ४ बरोबर ०.३७५. एकातून वजा केलं की ०.६२५, म्हणजे ६२.५ टक्के. याला स्क्रीनिंग पद्धत म्हणतात.

सूत्र सोपं आहे, पण त्यातला ८० टक्के हा आकडा आपल्याकडं भरवशाचा मिळत नाही. डोस मोजले जातात केंद्राच्या ठिकाणी, माणूस राहतो दुसरीकडं. छेद २०११ च्या जनगणनेवरून पुढं वाढवलेला. त्यामुळं एखाद्या भागाचं प्रमाण शंभरच्याही वर जाऊ शकतं. ८० च्या जागी ९० टाकून बघा: ९०:१० म्हणजे ९, १.५ भागिले ९ म्हणजे ०.१६७, परिणामकारकता ८३ टक्के. छेदातल्या दहा टक्क्यांच्या घोळानं उत्तर वीस टक्क्यांनी हललं. परिणामकारकता काढायचीच असेल तर त्याच प्रयोगशाळेत त्याच काळात लक्षणांसह तपासून निगेटिव्ह आलेल्यांची यादी मागा आणि टेस्ट-निगेटिव्ह आराखडा करा. तो वेगळा प्रबंध होतो. यात कोंबू नका.

शिवाय रुग्णालयाची यादी म्हणजे सगळे पॉझिटिव्ह नव्हेत. सौम्य आजारी घरीच विलगीकरणात होते. २०२२ च्या जानेवारीत तर घरगुती किटवर तपासून कोणाला न सांगता बसलेले कितीतरी. त्या लाटेतली तुमची यादी मार्च-जुलैच्या यादीसारखी नाही, दोन्ही एकत्र मिसळून एक टक्केवारी काढू नका. आणि जे रुग्ण दगावले त्यांना फोन लागणार नाही. ते वगळले तर फक्त वाचलेल्यांचा तक्ता उरतो. त्यांच्यासाठी लसीची माहिती नोंदीवरून किंवा नातेवाइकांकडून घ्या, समितीच्या परवानगीनं.

करवीर_पीएसएम

मग या यादीतून उत्तर देता येईल असा प्रश्न उरतो तरी कोणता?

सांख्यिकी_कट्टा

दोन उरतात आणि दोन्ही चांगले आहेत. एक, पात्र असूनही पॉझिटिव्ह येईपर्यंत ज्यांच्यापर्यंत लस पोचली नव्हती ते कोण होते. यात परिणामकारकतेचा दावा नाही, फक्त या रुग्णांचं वर्णन आहे.

दुसरा मला जास्त आवडतो: पॉझिटिव्ह आल्यानंतर कोणी लस घेतली, किती दिवसांनी. इथं सगळेच संसर्ग झालेले, त्यामुळं निवडीचा घोळ बराच कमी. १९ मे २०२१ च्या सूचनेप्रमाणं बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं होतं. पहिल्या डोसनंतर आजारी पडलेल्यालाही दुसऱ्यासाठी तेवढंच. म्हणून घड्याळ सुरू करा बरे झाल्याची तारीख अधिक तीन महिने इथून. तिथपासून डोसपर्यंतचे दिवस मोजा. फोनच्या दिवसापर्यंत न घेतलेले सेन्सर्ड, म्हणजे 'तोवर घेतली नाही' एवढंच माहीत असलेले. कापलान-मायर आलेख काढा (किती दिवसांनी किती जणांनी घेतली ते दाखवणारा), मग कॉक्स रिग्रेशन (कुठल्या घटकानं तो वेग बदलतो ते बघणारं). २० जूनला बरा झालेला आणि ऑगस्टमध्ये लस न घेतलेला माणूस टाळाटाळ करत नव्हता, नियम पाळत होता. हे घड्याळ लावलं नाही तर पुन्हा तीच चूक होते. तीन महिन्यांच्या आत घेतलेले काही सापडतील, त्यांना खोडू नका, वेगळे दाखवा. आणि ८ ते १४ ऑक्टोबर २०२१ मधल्या मिशन कवच कुंडल आणि नोव्हेंबरपासूनच्या हर घर दस्तक मोहिमेच्या खुणा आलेखावर करा. कुठल्या गटाची रेघ तिथं वळते ते बघण्यासारखं असेल. २०२१ चा जुलै अखेर महापुराचा आहे, शिरोळ-करवीरची गावं त्या आठवड्यांत वेगळी बघा.

पहिल्या प्रश्नासाठी तुमच्या आराखड्यात तीन दुरुस्त्या.

३८४ हा आकडा एकच टक्केवारी पाच टक्के अचूकतेनं काढण्यासाठी आहे. तुम्हाला गटांची तुलना करायची आहे. ७५ विरुद्ध ६० टक्के हा फरक ८० टक्के ताकदीनं (म्हणजे शंभरात ऐंशी वेळा) पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे १५० लागतात. गगनबावड्याचे अकरा रुग्ण घेऊन तालुकावार काय-स्क्वेअर करू नका. अपेक्षित संख्या ५ च्या खाली गेली की ती चाचणी लंगडते, तिथं फिशरची चाचणी. फोन न लागणारे दहा टक्के धरले तर ३८४ चे ४२७ होतात, आणि आपल्याकडं दहा टक्क्यांवर भागत नाही.

पी बघून घटक निवडू नका. वय, लिंग, कालखंड, सहव्याधी, कर्मचारी की नाही हे आधीच ठरवून घाला, पी काहीही येवो. मॉडेलमध्ये किती घटक पेलतील ते लहान गटावरून ठरतं: ४२७ मध्ये लस न घेतलेले ८५ असतील तर, दहांमागे एक घटक धरून, साधारण आठ. शिक्षणाच्या पाच पायऱ्या केल्या की त्यातले चार तिथंच संपले.

तिसरी, ओड्स रेशोला (प्रत्येक गटात घेतलेले भागिले न घेतलेले, त्या दोन भागाकारांचं गुणोत्तर) 'पट' म्हणू नका. एका गटात ९० टक्के आणि दुसऱ्यात ८० टक्के लसीकृत असतील तर ओड्स रेशो २.२५ येतो. लोक वाचतात 'सव्वादोन पट'. खरं गुणोत्तर १.१२५ आहे. लसीकरणासारखी मोठी टक्केवारी असेल तर रोबस्ट व्हेरियन्सचं पॉयसन रिग्रेशन चालवा, ते खरं गुणोत्तर थेट देतं. 'आर' या संगणकप्रणालीत फुकट होतं, एसपीएसएस या प्रणालीतही आहे. एका घरातले चार जण यादीत असतील तर घराचा क्रमांक क्लस्टर (एकत्र धरायचा गट) म्हणून द्या, लसीला घर एकत्रच जातं.

नोंदवही_४१६

एक पुरवणी. तक्ता छापताना पाचपेक्षा लहान कप्पे उघडे ठेवू नका. 'गगनबावडा, स्त्री, ७५ च्या पुढे, शून्य डोस: १' असं छापलं तर गावात कोणालाही नाव कळेल. शेजारचा तालुका जोडा. नाव आणि मोबाइलची फाइल वेगळी, कुलूपबंद. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त अनुक्रमांक. नीतिमत्ता समितीच्या अर्जात नोंदी वापरणं आणि फोन करणं या दोन गोष्टी वेगळ्या लिहा. पहिलीला संमतीतून सूट मिळू शकते, दुसरीला तोंडी संमती लागेलच, आणि तिचा मजकूर मराठीतून जोडावा लागतो.

करवीर_पीएसएम

भारी. उद्यापासून पात्रतेच्या तारखा भरायला घेते. शेवटची शंका: उत्पन्नासाठी आर्थिक-सामाजिक स्तराची कुप्पुस्वामी मोजपट्टी घ्यावी की बी. जी. प्रसाद? आणि म्हातारी माणसं 'जुनी सातवी फायनल' सांगतात, ती कुठं टाकायची?

आशा_अंगण

कुप्पुस्वामी शहरी कुटुंबांसाठी आहे. तुमची यादी मिश्र आहे, म्हणून बी. जी. प्रसाद, ताज्या ग्राहक किंमत निर्देशांकानं सुधारून. शेतकऱ्याला महिन्याचं उत्पन्न विचारलं तर नीट उत्तर येत नाही. उसाचं बिल वर्षाचं किती आणि डेअरीचं बिल दर दहा दिवसांना किती ते विचारा, दोन्ही वर्षाचं करून बेरीज तुम्ही करा, १२ नं आणि घरातल्या माणसांच्या संख्येनं भागा. कारखान्यानं किती हप्त्यांत दिलं तेही विचारा, नाहीतर पहिल्याच हप्त्याला वर्षाचं बिल समजाल.

जुनी फायनल म्हणजे सातवी पास, माध्यमिकच्या खालचा गट. जुनी अकरावीची मॅट्रिक मात्र आताच्या दहावीच्या रांगेत टाका, अकरावीच्या नव्हे. फोनवर 'अकरावी' ऐकलं की वय बघायचं आणि 'मॅट्रिक का?' एवढं विचारायचं.